कर्करोगाच्या उपचारांत डॉक्टर बदलताना

कर्करोगाच्या रुग्णाचा डॉक्टर सहसा एकच नसतो. गाठीचा तुकडा तपासून निदान करणारा पॅथॉलॉजिस्ट, गाठ काढणारा सर्जन, केमोथेरपी देणारा मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट आणि किरणोपचार करणारा रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट अशा तिघाचौघांच्या हातांतून बहुतेक रुग्ण जातात. एकाकडून दुसऱ्याकडे जाणे या उपचारांच्या आखणीतच असते. ते एकाच रुग्णालयात, एकाच फाइलवर घडले तर रुग्णाला फारसे जाणवतही नाही. अडचण येते ती रुग्ण किंवा घरचे लोक स्वतःहून रुग्णालय बदलतात तेव्हा. हा निर्णय पुष्कळदा जुन्या डॉक्टरांना न सांगता, घाईने आणि अर्ध्या कागदपत्रांनिशी घेतला जातो. मग नवा डॉक्टर कितीही चांगला असला तरी रुग्णाचे नुकसान होऊ शकते, कारण मधले दिवस वाया गेलेले असतात आणि मधली माहिती हरवलेली असते.

बदलामागची सगळी कारणे सारख्या वजनाची नसतात. निदान नेमके कळलेले नाही, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव नसलेल्या ठिकाणी ऑपरेशन सुचवले आहे, सुचवलेल्या उपचारांमागचे कारण विचारूनही सांगितले जात नाही, केमोनंतर रात्री ताप आला तर फोन कोणाला करायचा हेच ठरलेले नाही, ही भक्कम कारणे आहेत. मुंबईत उपचार घेणाऱ्या गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या कुटुंबाला दर तीन आठवड्यांचा प्रवास झेपत नाही, हे कारणही तितकेच भक्कम. उपचार मध्येच सोडून देण्यापेक्षा ते जवळच्या केंद्रात पुरे करणे केव्हाही बरे. याउलट पहिल्या केमोनंतर केस गेले, तोंड आले, अंगातली ताकद गेली म्हणून ‘औषध चुकले’ असे मानून डॉक्टर बदलण्यात काही मिळत नाही. तेच औषध दुसऱ्या ठिकाणीही तेच करणार असते. उलट्या थांबवणारे औषध वाढवता येईल का, मात्रा कमी करता येईल का, हे आधी त्याच डॉक्टरांना विचारायला हवे. ओपीडीत दोन मिनिटेही मिळत नाहीत ही तक्रार खरी असते, पण अधिक मोठ्या रुग्णालयात गेल्याने ती दूर होतेच असे नाही. प्रश्न कागदावर लिहून नेले, निवासी डॉक्टरांशी किंवा रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी बोलले, तर त्यांतली पुष्कळशी उत्तरे मिळून जातात.

बदलासाठी सर्वांत सोयीची वेळ म्हणजे पहिला उपचार सुरू होण्याआधीची. त्या वेळी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यात गमावण्यासारखे सहसा फारसे नसते आणि मिळण्यासारखे खूप असते. दुसरे मत म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दुसरा सर्जन येतो, पण खरी सुरुवात पॅथॉलॉजीपासून होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बाहेरून निदान होऊन आलेल्या रुग्णाला बायप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, आणायला सांगितले जाते आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट ते पुन्हा पाहतात. हा त्या रुग्णालयाचा अविश्वास नव्हे. कर्करोग कोणत्या पेशींचा आहे, किती आक्रमक आहे, यावर पुढचे सगळे उपचार उभे राहतात, म्हणून पाया पुन्हा तपासला जातो. स्तनाच्या कर्करोगात ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्या निर्णायक असतात. हर-टूचा निकाल ‘टू प्लस’ आला तर तो अनिश्चित मानला जातो आणि ‘फिश’ नावाची पुढची चाचणी करावी लागते. ती झालेली नसेल तर एक डॉक्टर ट्रास्टुझुमॅब हे महागडे इंजेक्शन सांगतो, दुसरा नको म्हणतो आणि घरच्यांना वाटते की डॉक्टरांचेच एकमत नाही. अशा मतभेदांच्या मुळाशी अनेकदा अपुरी तपासणी असते.

दुसऱ्या मताने खरोखर फरक पडतो याचा पुरावा आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात स्तनाच्या कर्करोगाच्या १४९ रुग्णांची प्रकरणे सर्व शाखांच्या तज्ज्ञांच्या मंडळापुढे, म्हणजे ट्यूमर बोर्डापुढे, पुन्हा ठेवली गेली, तेव्हा ५२ टक्के रुग्णांच्या शस्त्रक्रियेबाबतच्या सल्ल्यात बदल झाला. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एका डॉक्टरऐवजी दुसरा डॉक्टर, यापेक्षा एका डॉक्टरऐवजी तज्ज्ञांचे मंडळ, हा बदल अधिक मोलाचा ठरतो. त्यासाठी गाव सोडावे लागतेच असेही नाही. २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. टाटा मेमोरियल आणि या ग्रिडशी जोडलेल्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेमार्फत कागदपत्रे पाठवून तज्ज्ञांचे लेखी मत मिळवता येते आणि उपचार मात्र आपल्या शहरातच सुरू ठेवता येतात. अनेक कुटुंबांना हाच मार्ग सर्वांत सोयीचा पडावा.

काही वेळा डॉक्टर बदलण्यावाचून गत्यंतरच नसते. मांडीतली किंवा दंडातली गाठ साधी चरबीची समजून बायप्सी न करता काढली जाते आणि अहवालात सार्कोमा हा कर्करोग निघतो. रक्तस्रावाच्या तक्रारीवर गर्भाशय काढले जाते आणि नंतर कळते की गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. अशी अर्धवट शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला त्याच हातांनी पुन्हा ऑपरेशन करून घेण्याची घाई करू नये. अशा वेळी कर्करोगाचे सर्जन आणि किरणोपचार तज्ज्ञ असलेल्या केंद्रात जाणे हाच योग्य बदल असतो. तिथे सर्वांत आधी मागितली जाते ती पहिल्या ऑपरेशनची नोंद: काय कापले, कडा मोकळ्या होत्या का, गाठ अखंड निघाली की तुकड्यांत. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळींतून हे कळत नाही. ऑपरेशन नोट वेगळी मागून घ्यावी लागते.

केमोथेरपी चालू असताना रुग्णालय बदलता येते, कारण औषधे आणि त्यांची मात्रा बऱ्याच अंशी ठरलेल्या प्रोटोकॉलनुसार असते. बदल केमोच्या दोन फेऱ्यांच्या, म्हणजे सायकलींच्या, मधे करावा आणि पुढची तारीख चुकू देऊ नये. कोणते औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला, कोणत्या त्रासासह दिले, याचा तक्ता मात्र अचूक हवा. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करते. आयुष्यभरात मिळून शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा मानली जाते. आधी किती गेले हे माहीत नसेल तर नव्या डॉक्टरपुढे दोनच वाटा उरतात: धोका पत्करून ते द्यायचे किंवा उपयोगी औषध हातचे सोडायचे. सिस्प्लॅटिनमुळे मूत्रपिंडे आणि कान, ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसे, अशी प्रत्येक औषधाची स्वतंत्र नोंद लागते.

स्तनाच्या कर्करोगात आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम असेल तर आणखी एक बारकावा येतो. केमोने गाठ इतकी आक्रसू शकते की नंतर ती हाताला किंवा सोनोग्राफीत सापडतही नाही. म्हणून केमोआधीच गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवतात. एका गावात केमो आणि दुसऱ्या शहरात ऑपरेशन असा बेत असेल तर क्लिप बसवलेली आहे की नाही, सुरुवातीला गाठ केवढी होती, काखेतल्या ग्रंथींत रोग होता का, हे नव्या सर्जनला कळायलाच हवे. केमोनंतर सगळे स्वच्छ दिसत असले तरी किरणोपचार द्यायचे की नाही हे ठरवताना सुरुवातीची अवस्था पाहिली जाते. ती नोंद हरवली तर पुन्हा मिळवण्याचा मार्ग नसतो.

किरणोपचार चालू असताना केंद्र बदलणे सर्वांत अवघड. ‘लाइट’ किंवा ‘शेक’ म्हणून ओळखले जाणारे हे उपचार कोणत्याही यंत्रावर उरलेले दिवस भरून पुरे करता येतील, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक रुग्णासाठी वेगळा आराखडा बनतो. ठरावीक स्थितीत झोपवून सीटी स्कॅन काढला जातो, डोके आणि मान हलू नये म्हणून प्लॅस्टिकचा मुखवटा बनवला जातो, त्वचेवर खुणा केल्या जातात आणि त्या केंद्रातल्या यंत्राच्या किरणांनुसार संगणकावर मात्रा बसवली जाते. दुसऱ्या केंद्रात यातले बहुतेक सगळे पुन्हा करावे लागते आणि त्यात दिवस जातात. त्या दिवसांत वाचलेल्या कर्करोगपेशी वेगाने वाढू लागतात. तोंडाच्या, घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाचे एवढे रुग्ण असलेल्या महाराष्ट्रात हे घराघरांत माहीत असायला हवे. सुरू झालेले किरणोपचार जिथे सुरू झाले तिथेच पुरे करावेत. तक्रार असेल तर ती त्याच विभागात मांडावी. बदल करायचाच झाला तर तो शेवटच्या दिवसानंतर.

याला एक ठळक अपवाद आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून शेक दिल्यानंतर आतून शेक, म्हणजे ब्रॅकिथेरपी द्यावी लागते. पुष्कळ केंद्रांत बाहेरच्या शेकाचे यंत्र असते, आतल्या शेकाची सोय नसते. तिथल्या बाईला मध्येच दुसऱ्या शहरात जावेच लागते. दोन्ही मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांत संपावेत असा दंडक आहे. म्हणून ब्रॅकिथेरपीची तारीख बाहेरचा शेक संपत आल्यावर शोधण्यात अर्थ नाही. ती पहिल्या आठवड्यातच नक्की करून ठेवावी लागते. नुसती चिठ्ठी हातात ठेवून ‘मुंबईला जा’ किंवा ‘पुण्याला जा’ म्हणणे हा अर्धवट निरोप झाला. तारीख मिळवून देणे हे पाठवणाऱ्या केंद्राचेही काम आहे.

सर्वच उपचारांना वेळेचे बंधन असते. सात कर्करोगांवरील ३४ अभ्यासांचा, साडेबारा लाखांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो आणि काही किरणोपचार व औषधोपचारांत ही वाढ १३ टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यात आढळले. दुसरे मत घेण्यात आठ-दहा दिवस जाणे बहुतेक घन गाठींच्या कर्करोगात चालते. रक्ताच्या तीव्र कर्करोगात किंवा मज्जारज्जूवर दाब आला असताना तेवढाही वेळ नसतो. जुने केंद्र सुटले आणि नव्याची तारीख मिळाली नाही, अशा फटीत रुग्ण कोणाचाच नसतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा १००.४ फॅरेनहाइटपर्यंत ताप चढला तरी ती तातडीची अवस्था असते. म्हणून नव्या ठिकाणी नाव नोंदवून पहिली भेट होईपर्यंत जुने ठिकाण सोडू नये.

सोबत न्यायच्या गोष्टींत अहवालांच्या झेरॉक्स सर्वांना आठवतात, मूळ वस्तू विसरतात. मेणातला ब्लॉक हा सर्वांत मौल्यवान. त्यातून काही वर्षांनीही नव्या चाचण्या करता येतात. तो लॅबमधून सही करून घ्यावा आणि उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नये, कारण उष्णतेने मेण मऊ पडते. सीटी, एमआरआय आणि पेट स्कॅनच्या अहवालांबरोबर प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्ह हवा. रोग वाढला की घटला हे ठरवताना नव्या डॉक्टरला जुनी प्रतिमा नव्या प्रतिमेशेजारी ठेवून पाहायची असते. किरणोपचार झाले असतील तर एकूण मात्रा, दिवसांची संख्या आणि संगणकीय आराखडा मागून घ्यावा. काही वर्षांनी त्याच भागात पुन्हा किरणे द्यायची वेळ आली तर मज्जारज्जूला आधी किती मात्रा मिळाली हे त्या आराखड्यावरूनच कळते.

या कागदपत्रांवर रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदवला आहे. त्यासाठी लागणारी कागदपत्रे जादा पैसे न घेता आणि विलंब न लावता द्यावीत, आणि दुसरे मत घेतले म्हणून रुग्णाला वेगळी वागणूक देऊ नये, असेही ती सनद सांगते. एक कच्चा दुवा मात्र आहे. त्याच आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी जपण्याचे बंधन उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षांचे आहे. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कर्करोग वीस वर्षांनीही उलटू शकतो. तीन वर्षे त्यासाठी फारच अपुरी आहेत. नियम बदलेपर्यंत तरी रुग्णाने आपली फाइल स्वतः जपणे भाग आहे.

रुग्णालय बदलले की पैशांची व्यवस्थाही बदलते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील मंजुरी ठरावीक रुग्णालयाच्या नावाने आणि ठरावीक उपचारासाठी असते. नवे रुग्णालय योजनेत आहे का, आधीच्या ठिकाणी किती रक्कम वापरली गेली, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. खासगी विम्याची कॅशलेस सोयही पुष्कळदा रुग्णालयांच्या यादीशी बांधलेली असते. रेल्वेच्या सवलतीचे प्रमाणपत्रही उपचार करणाऱ्या रुग्णालयाकडूनच मिळते. मुंबईत यायचे तर राहण्याचा प्रश्न उपचारांइतकाच मोठा असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कित्येक रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा दिला आहे. खोली मिळाली नाही म्हणून केमोची तारीख चुकली, असे घडू नये म्हणून याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

जुन्या डॉक्टरांना सांगायचे कसे, या संकोचाने रुग्णाचे फार नुकसान होते. डॉक्टर रागावतील, पुढे गरज पडली तर उभे करणार नाहीत, या भीतीने लोक खोटे कारण सांगतात किंवा काहीच न सांगता यायचे बंद होतात. कर्करोगतज्ज्ञांना दुसरे मत नवे नसते. ‘पुढील उपचार अमुक ठिकाणी घ्यायचे आहेत, आतापर्यंतच्या उपचारांचा सारांश द्यावा’ एवढे साधे वाक्य पुरते. रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवताना केससारांश द्यावा आणि तज्ज्ञाने आपले मत पहिल्या डॉक्टरला लेखी कळवावे, असे २००२ ची आचारसंहिताच सांगते. त्याच नियमांनुसार स्वीकारलेला रुग्ण डॉक्टरला पुरेशी पूर्वसूचना दिल्याशिवाय सोडताही येत नाही. दोन डॉक्टर एकदा फोनवर बोलले तर दहा कागदांतून न कळणारे कळते. त्यासाठी रुग्णाने आग्रह धरावा.

आपल्याकडे फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे बहुधा मुलगा, जावई किंवा भाऊ जातो. रुग्ण घरी असतो आणि त्याला पूर्ण कल्पनाही नसते. कागद वाचून निदानाबद्दल बोलता येते, पण रुग्ण चालतो-फिरतो का, जेवतो का, दिवसातला किती वेळ झोपून असतो, यावर उपचार झेपतील की नाही हे ठरते आणि ते त्याला पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय उपचार कुठे आणि किती घ्यायचे हा निर्णय त्याचा आहे. योग्य माहिती देऊन रुग्णाची संमती घेणे आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समिरा कोहली खटल्यात स्पष्ट केले.

कधी बदल डॉक्टरांच्या बाजूने होतो. सरकारी डॉक्टरांची बदली होते, खासगी सल्लागार दुसऱ्या रुग्णालयात जातात. केमो चालू असेल तर विश्वासातल्या डॉक्टरामागे जाता येते. किरणोपचार अर्धे झाले असतील तर त्याच यंत्रावर, त्याच आराखड्यानुसार ते पुरे करणे हिताचे.

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर डॉक्टर वाटून घेण्याचीच पद्धत रुळली आहे. सुरुवातीचे कडक उपचार मोठ्या केंद्रात आणि पुढची दोनेक वर्षांची गोळ्यांची औषधे घराजवळच्या बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. यात प्रोटोकॉल एकच राहिला पाहिजे, दोन्हीकडचा अर्धा-अर्धा जोडून चालत नाही. निरोप लेखी असणे इथे जिवाचे आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या असतात. त्या चुकून रोज दिल्या गेल्या तर मूल दगावू शकते.

रोग शरीरभर पसरलेला असताना ‘आता बरा होणार नाही’ हे ऐकल्यावर सुरू होणारी धावपळ सर्वांत वेदनादायक असते. एक-दोन ठिकाणी मत घेणे रास्त आहे. तीन चांगल्या केंद्रांनी तेच सांगितल्यावर चौथ्यासाठी शेती गहाण टाकणे रास्त नाही. या टप्प्यावर काही जण सिद्ध उपचार सोडून खात्रीचा दावा करणाऱ्या कोणाकडे तरी जातात. बरा होऊ शकणारा रोग असतानाही असे करणारे असतात आणि त्यांच्यातला मृत्यूचा धोका अडीच पट असल्याचे २०१८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. खरी गरज असते वेदनाशामक उपचार करणाऱ्या, म्हणजे पॅलिएटिव्ह, डॉक्टरची, आणि तीही इतर उपचार चालू असतानाच. २०१० साली बोस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवरील अभ्यासात, सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह सेवा मिळालेल्या गटातील रुग्ण मध्यकानुसार ११.६ महिने जगले, दुसऱ्या गटातील ८.९ महिने. पहिल्या गटाचे दिवसही कमी त्रासात गेले.

उपचार यशस्वी झाल्यानंतरचा बदल मात्र कोणाच्या लक्षातच येत नाही. बालपणी बरे झालेले मूल मोठे होते, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी शहर बदलते आणि त्याचे डॉक्टरही बदलतात. अशा मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून ‘ॲक्ट’ हे स्वतंत्र क्लिनिक चालते. डॉक्सोरुबिसिन मिळालेल्यांना ठरावीक काळाने हृदयाचा इको करावा लागतो, छातीवर किरणे घेतलेल्या मुलींची स्तनतपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी लागते. अशी मुलगी पुढे बाळंतपणासाठी नाव नोंदवते तेव्हा तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला तिच्या लहानपणीच्या औषधांची नावे आणि मात्रा ठाऊक असायला हव्यात, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो.